गोचीड, चिमटा आणि तारखेची नोंद

प्रस्तुत स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीवर, दिवंगत संस्थापकांच्या आठवणींवर आणि धम्मकार्यावर लिहिणारे अनेकजण आहेत. आम्ही मात्र गोचिडीवर लिहावयाचे ठरविले आहे. विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातील सहकाऱ्यांनी प्रथम स्मित केले. इतिहासाच्या अध्यापकाकडून महाडचा किंवा येवल्याचा लेख अपेक्षित असणे स्वाभाविकच होय. परंतु आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य मुले-मुली शेतमजुरांच्या, अल्पभूधारकांच्या आणि शेळ्या राखणाऱ्यांच्या घरांतून येतात. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी ती गोठ्यात, रानात आणि कुत्र्यांच्या सहवासात घालवितात, व परतताना कधीकधी अंगावर एखादी गोचीड घेऊन येतात. ती कशी काढावी हे आम्हांला स्वतःला फार उशिरा कळले. तो उशीर एका मुलाला भोवता भोवता राहिला.

हकिकत अशी. दिवाळीनंतर वसतिगृहात परतलेल्या सातवीतील एका मुलाच्या कानामागे राखाडी रंगाची गाठ दिसली. आम्हांला ती चामखीळ वाटली. स्वयंपाकघरातील मावशींनी लांबूनच पाहून सांगितले, "सर, चामखीळ नाही ती, गोचीड हाय." मग जो तो आपापले ज्ञान सांगू लागला. एकाने विझत्या उदबत्तीचे टोक लावावयास सांगितले, दुसऱ्याने तंबाखूचे पाणी सुचविले. आम्ही रॉकेलचा बोळा धरला, पाच मिनिटे वाट पाहिली आणि शेवटी नखांत पकडून ओढली. पोट फुटले, रक्त आमच्या बोटांना लागले, तोंड कातडीतच राहिले. बोटे धोतराच्या फडक्याला पुसून आम्ही तासाला निघून गेलो. नोंद कोठेही केली नाही.

आठवड्याभराने मुलाला ताप भरला. गावातील दवाखान्यात तो साधा ताप ठरला, मग टायफॉइडचा संशय आला, औषधे बदलली, ताप हटेना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर तेथील तरुण डॉक्टर बाईंनी त्याचे तळहात आणि तळपाय उजेडात धरले. त्यांवर बारीक लाल पुरळ होते. त्यांनी आम्हांला विचारले, "याला गोचीड चावली होती का?" आम्ही नाही म्हणालो. खोटे बोलावयाचे नव्हते. खरोखरीच विसरलो होतो. तापात ग्लानी आलेला तो मुलगाच म्हणाला, "सर, तुम्हीच काढली होती की." त्या एका वाक्यावर उपचाराची दिशा बदलली आणि योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. हा विद्यार्थी आज संसारी गृहस्थ आहे आणि ही स्मरणिका त्याच्या हाती पडेलच, म्हणून येथे एवढेच लिहितो की त्या दिवशीची चूक आमची होती.

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. वाढ झालेल्या गोचिडीला आठ असतात, व तिचे नाते कोळ्याशी आणि विंचवाशी आहे. अंड्यातून नुकतीच निघालेली पिले सहा पायांची आणि खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असतात. मधल्या अवस्थेतील गोचीड तिळाएवढी, आणि रक्ताने टम्म फुगलेली मादी एरंडाच्या बीएवढी. एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस आहे, आणि लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ गोचीड असाच होतो. बी पाहून ज्याने हे नाव दिले त्याची नजर शेतकऱ्याची असली पाहिजे.

आपल्या भाषेत चिवट माणसाला गोचिडीची उपमा देतात, तीही शरीरशास्त्रदृष्ट्या अचूक आहे. डास चावतो आणि उडून जातो. गोचीड तसे करीत नाही. ती कातडीला छेद देऊन त्यात सोंडेसारखा एक अवयव रोवते. या अवयवावर मागच्या बाजूस वळलेले दाते असतात, त्यामुळे तो आत जातो सहज आणि बाहेर येतो कष्टाने. बऱ्याच जाती याखेरीज सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव भोवती सोडून आपली जागा पक्की करतात. अशा रीतीने ती कित्येक दिवस रक्त पीत राहते. तिच्या लाळेत बधिरता आणणारी द्रव्ये असल्याने ना दुखते ना खाजते. म्हणून ती चावली हे कळत नाही, पाहावे लागते. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, बेंबीत आणि चड्डीच्या नाडीखाली ती हटकून सापडते.

आता रॉकेल, उदबत्ती, चुना, तंबाखू, व्हॅसलीन आणि नखांचे पॉलिश यांविषयी. या सर्वांमागे समज एकच आहे की गोचिडीचा श्वास कोंडला किंवा तिला चटका बसला म्हणजे ती आपण होऊन तोंड काढून घेईल. समज ऐकावयास तर्कशुद्ध वाटतो. गोचीड मात्र फार सावकाश श्वास घेते, पुष्कळ वेळ हवेवाचून राहू शकते, आणि मनात आले तरी तिला रोवलेला अवयव क्षणात उपटता येत नाही. १९८५ साली अमेरिकेतील ग्लेन नीडहॅम या संशोधकाने पेट्रोलियम जेली, नखांचे पॉलिश, स्पिरिट आणि पेटवून विझविलेली गरम काडी हे चारही लोकप्रिय उपाय गोचिडींवर करून पाहिले. एकानेही गोचीड सुटली नाही. पाचवा उपाय म्हणजे कातडीलगत पकडून सरळ ओढणे, आणि तोच उपयोगी पडला. शिवाय डिवचलेली किंवा दाबलेली गोचीड आपली लाळ व पोटातील द्रव जखमेत सोडण्याची भीती असते. म्हणजे रॉकेलचा बोळा धरून आम्ही घालविलेली पाच मिनिटे निरुपयोगी तर होतीच, वर रोगजंतूंना सवड देणारी होती. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते आम्ही दरवर्षी नववीच्या वर्गात शिकवितो: परंपरेने आले म्हणून, पुष्कळांनी सांगितले म्हणून, तर्काला पटते म्हणून स्वीकारू नका. शिकविणाऱ्यालाच ते मुलाच्या कानामागची गोचीड काढताना आठवले नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत टेक्सासकडील गुरे उत्तरेत आली की तेथील गुरे तापाने मरत. गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना गोचिडीचा संशय फार पूर्वीपासून होता. विद्वान मंडळी तो हसण्यावारी नेत. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी प्रत्यक्ष प्रयोग करून १८९३ मध्ये तो संशय खरा असल्याचे सिद्ध केले. आठ किंवा सहा पायांचा प्राणी रोग वाहून नेतो याचा हा पहिला भक्कम पुरावा मानतात. हिवतापाच्या डासाचा शोध त्यानंतरचा. तात्पर्य, श्रमणाऱ्यांचे ज्ञान खोटे असते असे मुळीच नाही. ते तपासून पाहावे लागते, इतकेच.

गोचीड काढण्याची साधने मुख्यतः तीन आहेत. पहिले, बारीक आणि टोकदार चिमटा. तो शस्त्रक्रियेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. भुवया कोरण्याचा रुंद, चपट्या तोंडाचा चिमटा दिसावयास तसाच असला तरी तो कातडीलगत पोहोचत नाही आणि गोचिडीचे पोटच दाबतो. दुसरे, प्लास्टिकचा आकडा. याच्या टोकाला खिळा उपटण्याच्या हातोडीसारखी दुभंगलेली खाच असते, आणि लहान-मोठ्या गोचिडींसाठी दोन मापे येतात. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आज पशुसंवर्धनाच्या कामात आहे, अशी जोडी शाळेस भेट दिली. तिसरे, खाच असलेले जाड कार्ड. हे सपाट कातडीवर चालते; केसांत, कानाच्या वळीत किंवा बोटांच्या बेचक्यात चालत नाही, म्हणून आम्ही ते घेतलेले नाही.

घोटाळा होतो तो असा की एका साधनाची रीत लोक दुसऱ्याला लावतात. चिमट्याने काढताना गोचीड पिळावयाची नसते, आणि आकड्याने काढताना ओढावयाची नसते. कोणी आकडा वापरणाऱ्यास पाहून येतो, घरी चिमट्याने तसाच पीळ देतो आणि मुंडके तुटले की चिमट्याला दोष देतो.

चिमट्याची रीत अशी. मुलाला उजेडात बसवावे, केस पाण्याने भिजवून बाजूला सारावेत. हातात रबरी मोजे घालावेत. नसल्यास स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी. चिमट्याची टोके कातडीला अगदी टेकवून गोचिडीच्या तोंडाशी आणावीत. फुगलेल्या पोटाकडे लक्ष जाते, कारण दिसते तेच. पकडावयाचे मात्र जेथे ती कातडीत शिरली आहे तेथे. पकड घट्ट झाली की कातडीपासून सरळ वर, एकसारख्या जोराने, सावकाश ओढावे. कातडी तंबूसारखी वर उचलली जाते. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते हिसका देतात. हिसका देऊ नये. ताण तसाच ठेवून थांबावे. काही क्षणांत, क्वचित मिनिटभराने, गोचीड सुटते. आमच्याकडे मुलाला या वेळी सतराचा पाढा म्हणावयास लावतात. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत पोहोचण्यापूर्वी काम होते, आणि पाढाही पक्का होतो.

आकडा असेल तर त्याची खाच कातडीलगत बाजूने सरकवावी, म्हणजे गोचीड खाचेच्या अरुंद टोकाशी अडकते. मग आकडा किंचित वर उचललेला ठेवून तो एकाच दिशेने सावकाश फिरवावा, उजवीकडे की डावीकडे याने फरक पडत नाही. दोन-तीन फेऱ्यांत ती सुटून वर येते. लहान मुलांसाठी आणि कुत्र्यांसाठी आम्हांला आकडा अधिक सोयीचा वाटतो, कारण त्यात पोट दाबले जात नाही आणि हात थोडा हलला तरी चालते. तिळाएवढ्या गोचिडीला मात्र चिमटाच बरा.

जवळ यांपैकी काहीच नसेल तर साधन मिळेपर्यंत वाट पाहत बसू नये. बोटांवर कागद किंवा प्लास्टिक धरून कातडीलगत पकडावे आणि त्याच रीतीने सरळ वर ओढावे. मोबाइलवरील चित्रफितींत चोवीस तासांच्या आत गोचीड काढली तर धोका नाही असे सांगतात. ते अमेरिका-युरोपातील लाइम नावाच्या आजाराबद्दल आहे. आपल्याकडील गोचीडतापाच्या जंतूंना इतका अवधी लागत नाही, म्हणून दिसली की काढावी.

तोंडाचा काळा ठिपका कातडीत राहिला तर घाबरण्याचे कारण नाही. चिमट्याने सहज निघाला तर काढावा, न निघाल्यास सोडून द्यावा. काही दिवसांत कातडी तो आपोआप बाहेर टाकते. बाभळीचा काटा काढतो तसे सुईने कोरू नये, त्याने जखम पिकते. त्यानंतर चावलेली जागा आणि स्वतःचे हात साबणाने धुऊन जागेवर स्पिरिट किंवा आयोडिनचे औषध लावावे. चिमटाही साबणाने धुऊन स्पिरिटमध्ये बुडवावा, स्टीलचा असेल तर उकळावा.

काढलेली गोचीड नखाने चिरडण्याचा मोह फार होतो. ते कधीही करू नये. तिच्या पोटातील द्रव बोटांवरील लहानशा चिरेतून किंवा चोळलेल्या डोळ्यातून शरीरात जाऊ शकतो. झाकणाच्या बाटलीत थोडे स्पिरिट ठेवून तिला त्यात टाकावे. आठवीतील एका मुलीने यावर विचारले होते, "सर, रोज पंचशील घेतो आणि बाटलीत गोचीड मारतो, हे कसे?" प्रश्न थट्टेने टाळण्याजोगा नव्हता. आम्ही तिला बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील अहिंसेचे विवेचन वाचावयास दिले. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बाबासाहेबांनी तेथे भेद केला आहे. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, बाटलीत टाकणे ही गरज असू शकेल, पण कुत्र्याच्या गोचिडी दगडाने ठेचून पोरे टाळ्या वाजवितात ती इच्छा आहे. आमच्याकडे याहून चांगले उत्तर नव्हते.

या चावण्यातून होतात तरी काय? आमच्या विद्यार्थ्याला झाला तो गोचिडीमुळे होणारा टायफस. नावात साम्य असले तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत पसरणारे पुरळ ही त्याची खूण. वेळेवर ओळखला तर साध्या व स्वस्त औषधाने तो बरा होतो, न ओळखला तर जिवावर बेतू शकतो. दुसरा माकडताप. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे आजारी पडली, आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधून काढला. आज त्या केंद्राला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणतात. पुढे हा आजार गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गच्या बाजूस आला. तो पसरविणारी गोचीड तिळाएवढ्या अवस्थेत कोरड्या महिन्यांत रानात फिरते, आणि नेमका तोच काजूचा, पालापाचोळा आणि सरपण गोळा करण्याचा हंगाम असतो. तेव्हा हा रोग कोणाच्या वाट्याला येतो हे वेगळे सांगावयास नको. त्यावर खास औषध नाही. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळविले पाहिजे.

तिसरा आजार क्रिमियन-काँगो ताप. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात तो आपल्या देशात प्रथम निश्चित झाला. एका ग्रामीण स्त्रीबरोबरच तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही त्यात दगावले. हा विषाणू गुरांवरील गोचिडींत असतो. गोचीड चावल्याने होतो तसाच तो ती हाताने चिरडल्याने आणि बाधित जनावराचे रक्त लागल्यानेही होतो.

म्हणून घरच्या गोठ्याविषयी पालकांना दोन शब्द. धार काढता काढता म्हशीच्या कासेवरील गोचिडी उपटून विस्तवात टाकणाऱ्या मायमाऊली आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत. आमच्या आईचेच ते रोजचे काम होते. एखाद-दुसऱ्या गोचिडीसाठी हातावर पिशवी चढवून हाच चिमटा चालेल. शेकडो असतील तर चिमट्याचा उपयोग नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्यावे, ते सांगतील त्याच प्रमाणात पाण्यात मिसळावे, आणि किती दिवस दूध वापरू नये हेही विचारून घ्यावे. जनावर मेले की त्याचे अंग थंड होताच गोचिडी ते सोडून जवळच्या उबदार अंगाकडे वळतात. मेलेली गुरे ओढणे ज्यांच्यावर जातीने लादले होते, ते आपले आजे-पणजे त्या वेळी सर्वांत जवळ असत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि त्यानंतर गावोगावी आपल्या लोकांनी हे कामही नाकारले. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. आरोग्याच्या दृष्टीने त्याने किती जीव वाचविले असतील याचा हिशेब इतिहासात कोणी मांडलेला नाही.

वसतिगृहाच्या कार्यालयात आता एक निळी वही आहे. गोचीड निघाली की तीत मुलाचे नाव, तारीख, शरीरावरील जागा आणि मूल कोठून आले होते हे लिहितात. स्पिरिटमध्ये मेलेली गोचीड पारदर्शक चिकटपट्टीखाली त्याच ओळीपुढे चिकटवितात. पुढील तीन आठवडे ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी किंवा पुरळ आले तर अधीक्षकांनी मुलाबरोबर ती वहीही दवाखान्यात न्यावयाची असा नियम आहे. ताप नसताना केवळ गोचीड चावली म्हणून कोणालाही परस्पर गोळ्या देत नाहीत. चिमटा आणि आकडा प्रथमोपचाराच्या पेटीत वरच्या कप्प्यात, लाल दोरा बांधून ठेवलेले आहेत.

येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना पोहोचवावयास येणाऱ्या पालकांनी निघण्याच्या आदल्या रात्री त्यांना आंघोळ घालून कानामागे व केसांत एकदा पाहावे. घरी गोचीड काढली असेल तर ती कोणत्या दिवशी काढली, एवढे चिठ्ठीवर लिहून अधीक्षकांकडे द्यावे. लिहिता येत नसेल तर मुलाला सांगून ठेवावे. तो विसरणार नाही.